चिखलाच्या दिवसांतलं व्हरमाँट

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लोक ऑक्टोबरात जातात, पानं लाल झाली की. हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि फोटो काढायला रांगा लागतात. तीच मेपलची झाडं मार्चमध्ये बघायला मात्र फारसं कुणी फिरकत नाही. माझं मत विचाराल तर मार्चमध्येच जा, तेव्हा या झाडांचा रस काढून, आटवून मेपल सिरप करतात. आणि मोठ्या कारखान्यात नको, परसात चार-पाच झाडं असलेल्या कुणाच्या तरी घरी जा.

बॉस्टनहून राजधानी माँटपीलियरपर्यंत तीन तासांचा रस्ता गुळगुळीत आहे. त्रास पुढचा. या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. वरचा थर वितळतो, खालची जमीन गोठलेलीच राहते आणि पाण्याला मुरायला जागा उरत नाही. दुपारी गाडी रुतते ती याच कारणाने. सकाळी लवकर पोहोचावं, तेव्हा रात्रीच्या थंडीने चिखल कडक झालेला असतो.

ही थंडीच सगळ्याच्या मुळाशी आहे. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-सहा अंश वर, असं चालू असेल तरच रस वाहतो. गोठताना मेपलच्या लाकडातल्या सूक्ष्म पोकळ्यांतली हवा आकसते आणि झाड खालून पाणी ओढून घेतं. ऊन चढलं की तीच हवा फुगते आणि रस बाहेर ढकलते. सलग उबदार दिवस आले की धार आटते. सलग गोठलेले आले तरी तेच. म्हणून ‘अमुक तारखेला या’ असं कुठलाही यजमान छातीठोकपणे सांगत नाही. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव वार्षिक सभा भरते, तोच झाडं टोचायचा, म्हणजे खोडाला भोक पाडून रसाची तोटी बसवायचा, जुना मुहूर्त. हल्ली बरेच जण त्याआधीच हात घालतात.

टोचणं पाच मिनिटांचं काम, पण नेम लागतो. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास निदान २५ ते ३० सेंटिमीटर हवा, आणि तेवढ्यावर एकच तोटी. दुसरी तोटी व्यास ४५ सेंटिमीटरच्या पुढे असेल तरच. भोक ५/१६ इंची ड्रिल बिटने, म्हणजे साधारण ८ मिलिमीटरचं, चार-पाच सेंटिमीटर खोल, किंचित वर चढतं, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. बिट धारदार हवं, नाहीतर लाकडाच्या चिंध्या होतात आणि भोक लवकर बुजतं. बाहेर पडणारा भुसा पांढरट-पिवळा असेल तर ठीक. तपकिरी आला तर ते मेलेलं लाकूड, तिथून काही मिळत नाही. गेल्या वर्षीच्या व्रणापासून आडवं दहा-पंधरा सेंटिमीटर सरकावं आणि उभ्या रेषेत त्याहून बरंच लांब राहावं, कारण व्रणाच्या वर-खाली लाकडावर लांब डाग पसरलेला असतो. तोटी हातोडीने हळू ठोकायची. ठोक्याचा ठस्स आवाज भरीव झाला की थांबायचं. आणखी एक जास्तीचा घाव घातला की लाकूड चिरतं आणि रस तोटीच्या बाजूने ओघळत राहतो.

तोटीखालच्या बादलीला झाकण हवंच. उबदार दुपारी बर्फावर मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात आणि बोट नेलं की उडी मारतात. हे हिमपिसू. बादलीत ते शेकड्यांनी तरंगतात, कापडातून गाळले की प्रश्न मिटतो. वर तुटलेल्या डहाळीच्या टोकाला गोड रसाचा बर्फाचा लोलक लोंबतो आणि चिकडी पक्षी त्याला चोच लावून जातात. लाल खारीची पद्धत आणखी धूर्त: ती सालीला चावा घेऊन निघून जाते, पाणी उडून गेलं की परत येऊन साखर चाटते. हे बघत खुर्ची टाकून बसायला कुणी पैसे मागत नाही.

रस चवीला पाणीच. साखर दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणून एक लिटर सिरपला सुमारे चाळीस लिटर रस लागतो. हिशेब सोपा: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा. एका तोटीतून हंगामभरात साधारण तेवढा लिटरभरच माल निघतो. रस दुधासारखा नासतो. बादल्या बर्फात पुरून ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांत रस उकळायचा. उकळायचं बाहेर. चाळीसातलं एकोणचाळीस लिटर पाणी वाफ होऊन घरात शिरलं तर भिंतींवरचे कागद सुटतात.

परसातली चूल म्हणजे सिमेंटचे पोकळ ठोकळे, मागे धुराडं, वर स्टीलचे उथळ ट्रे. गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल: मळी काढायचा झारा, तोंडावर येणारी वाफ, लाकडं सारणारा एक माणूस. ट्रेमध्ये रस पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, तळ करपतो. गार रस एकदम ओतला तर उकळी बसते. बाजूच्या डब्यात तापवून बारीक धारेने सोडायचा. फेस वर आला की लोण्याचा हरभऱ्याएवढा गोळा टाकायचा, फेस जागच्या जागी खाली बसतो.

शेवटची पंधरा मिनिटं मात्र कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. उरलेला रस छोट्या पातेल्यात घेऊन घरात गॅसवर आणायचा. बुडबुडे आधी मोठे आणि उतावळे असतात, मग बारीक होतात, रंग सोनेरीवरून मधाकडे सरकतो आणि सगळं पातेलं एकदम वर चढू लागतं. थर्मामीटरवर पाणी उकळतं त्याच्या सुमारे चार अंश वर, म्हणजे १०४ च्या आसपास, गॅस बंद. पाण्याचा उत्कलनबिंदू त्याच दिवशी तपासायचा, हवेचा दाब बदलला की तोही हलतो. उलथनं बुडवून आडवं धरलं की कडेवर थेंब एकमेकांत मिसळून पातळ पदर लोंबतो. एकतारीच्या जरा अलीकडेच थांबायचं. पातळ राहिलं तर बुरशी धरते, जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. गरम असतानाच जाड लोकरी फेल्टमधून गाळायचं, कारण आटताना चुन्यासारखी बारीक रेती तयार होते. गार झाल्यावर सिरप फेल्टमधून सरकत नाही. ८५ अंशांच्या वर बाटलीत भरून बाटली आडवी करायची, म्हणजे झाकणही निर्जंतुक होतं.

मार्चअखेरीस मोठ्या साखरघरांचे, म्हणजे सिरप आटवायच्या कारखान्यांचे, दरवाजे पाहुण्यांसाठी उघडतात. मी सांगेन, टाळा. वाफेत दाटीवाटी आणि चमचाभर चवीसाठी ताटकळणं. एकच गोष्ट तिथे खायची: आणखी आटवलेलं सिरप ताज्या बर्फावर ओतून होणारी चिवट तार, सोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं. लोणचं विचित्र वाटतं, पण गोडाचं तोंड मारून पुन्हा खायला बसवतं. सिरप विकत घेताना गडद रंगाचं ‘डार्क’ घ्या. फिकट ‘गोल्डन’ नाजूक असतं, पोळीबरोबर त्याची चवच लागत नाही.

कळ्या फुगू लागल्या की रसाला उग्र वास येतो, तो आटवला तर आणखी वाढतो. मग तोट्या उपसायच्या. भोकात बूच किंवा मेण काही घालायचं नाही, झाड स्वतःच ते बुजवतं. ट्रेच्या तळाला धरलेली रेती व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेवली तर निघते. तारेच्या घासणीने घासाल तर स्टीलवर चरे पडतात.