आमची वाटचाल : दांडिया बाजारातल्या एका टेबलापासून

इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात २०११ साली वडोदऱ्यात, दांडिया बाजारातील घरी, आईच्या शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर झाली. शेजारच्या काकांच्या पॅकिंग मशीनचा २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा बोर्ड, बंद पडला होता आणि तपासायला आलेल्या कारागिराने तो दुरुस्त होणार नाही, नवाच घ्यावा लागेल, असे सांगितले होते.

बोर्डावर काहीही जळलेले नव्हते, फ्यूजही शाबूत होता. मात्र वीज काढून बराच वेळ झाला तरी वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब होता. सप्लाय सुरूच होत नसल्याने साठलेली वीज खर्च होत नव्हती. म्हणूनच बंद बोर्ड चालू बोर्डापेक्षा अधिक जपून हाताळावा लागतो. शंभर वॅटच्या दिव्यातून ती वीज उतरवली, मीटरने खात्री केली आणि मगच हात लावला. सप्लाय चालवणारी यूसी ३८४२ ही आयसी (चिप) सुरू होण्यासाठी सुमारे १६ व्होल्ट लागतात. तिथे मोजमाप करताना जेमतेम तीन मिळाले होते. तिला पहिली वीज पुरवणाऱ्या २२० किलोओहमच्या रेझिस्टरचे रंगपट्टे स्वच्छ दिसत होते, पण एक पाय सोडवून मोजल्यावर तो ओपन, म्हणजे आतून तुटलेला, निघाला.

तसाच दुसरा रेझिस्टर बसवला असता तरी मशीन चालले असते. परंतु ३२५ व्होल्टवर तो जवळजवळ अर्धा वॅट उष्णता सोसत होता आणि त्याची क्षमताही तेवढीच होती. म्हणून मी अर्ध्या वॅटचेच १०० आणि १२० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावले; त्यामुळे उष्णता दोघांत वाटली गेली. सुटा भाग का गेला हे कळल्याशिवाय बोर्ड परत द्यायचा नाही, हा आमचा नियम तेव्हापासूनचा आहे.

पुढे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत भाड्याची जागा घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरानंतर चिखलाने माखलेले बोर्ड आले. ज्यांना वीज न देता आणले गेले, ते स्वच्छ पाण्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन आणि पूर्ण वाळवून आम्ही बरेचसे वाचवू शकलो. ‘चालतो का पाहू’ म्हणून आधीच चालू केलेल्या बोर्डांवरचे वीज वाहून नेणारे तांब्याचे ट्रॅक मात्र जळाले होते, याची मला आजही हळहळ वाटते.

आता दोन मुले हाताखाली आहेत. बोर्डासोबत गेलेला भाग आणि बिघाडाचे कारण लिहिलेली चिठ्ठी ती स्वतःच्या अक्षरात जोडतात.