पाट्याला टाकी

दुपारी अडीचला, म्हणजे पुण्यात कुणी कुणाची बेल वाजवू नये अशा वेळेला, खालून हाक आली, "टाकीऽऽ, टाकी लावाऽऽ." पाण्याची टाकी धुणारे असतील म्हणून मी कूस बदलली. मग पुढचं ऐकू आलं, "पाट्यालाऽऽ, जात्यालाऽऽ" आणि मी ताडकन उठून गॅलरीत गेले.

गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीनं टोचून पुन्हा खरबरीत करायचा, ती ही टाकी. ही हाक मी वीसेक वर्षांत ऐकली नव्हती. आणि आठवड्यापूर्वीच मिक्सर जळका वास सोडून गप्प झाला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आता नवाच घ्या." त्याने सांगितलं म्हणूनच मला घ्यायचा नव्हता. माझा स्वभावच तसा आहे, घरातल्यांना विचारा.

पाटा गॅलरीत होता, कोरफडीच्या कुंडीखाली. टाकीवाल्या मावशी वर आल्या, कुंडी बाजूला सारली, पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं, त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "पार गुळगुळीत झालाय की. ह्याच्यावर लोणी वाटत होता काय?" मी काही बोलले नाही. अकरा वर्षं तो कुंडीचा पाट होता हे सांगायला जीभ रेटेना.

पाटा माझ्या आजीचा, साताऱ्याकडचा. त्याच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका आहे. लहानपणी सुट्टीत पाटा धुवायचं काम माझ्याकडे असायचं आणि तो खोबऱ्याचा चिकटलेला कण आहे असं समजून मी नखानं खरवडत बसायचे. नख झिजायचं, कण जागचा हलायचा नाही. आजी म्हणायची, "अगं, तो त्याचा डोळा आहे. बघू दे त्याला." पुढे कळलं की तो बुडबुडा आहे. दगड वितळलेला होता तेव्हा त्यात वायू अडकला, दगड थिजला, पोकळी तशीच राहिली आणि मागाहून झिरपलेल्या पाण्यानं ती खनिजानं भरून काढली. घटना ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, थोडं मागेपुढे. हा आकडा ऐकून आता पुण्यात कुणाचा आवंढा अडत नाही. बऱ्या वस्तीतल्या मोठ्या फ्लॅटची किंमत सांगितल्यासारखा वाटतो.

चित्रातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो आणि वरून कारंजं उडतं. आपल्याकडे तसं काही झालं नाही. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि दूध उतू जावं तसा लाव्हा नुसता पसरत गेला. निवाला, त्याच्यावर पुन्हा पसरला, पुन्हा निवाला. झिजून झिजून आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत काही ठिकाणी त्याची जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते. ह्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. तो शब्द स्वीडिशमधल्या जिन्यावरून आला. आम्ही एसटीनं घाट उतरायचो तेव्हा मला काही जिना दिसायचा नाही. कुणीतरी भाकऱ्यांची चवड रचून ठेवलीय असं वाटायचं, मध्ये मध्ये लसणीच्या चटणीचा तांबडा पट्टा. तो पट्टा खरंच असतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती व्हायची आणि पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून काढायचा.

टक टक टक. टाकीच्या आवाजानं शेजारचा साडेपाच वर्षांचा पोरगा आला. हातात हिरवा प्लॅस्टिकचा डायनासोर. ह्याला अठ्ठेचाळीस आणि अठ्ठावन्न यांतला फरक कळत नाही, पण पॅकिसेफॅलोसॉरस तो श्वास न घेता म्हणतो. त्यानं विचारलं, "हा दगड कधीचा?"

मी म्हटलं, "तुझ्या ह्या बाहुल्याच्या वेळचा."

"खोटं," तो म्हणाला आणि मावशींच्या शेजारी उकिडवा बसला.

खोटं कशाला सांगू? उलट ह्या दगडावर आळ होता. डायनासोर कशानं मेले, तर ह्याच्या धुरानं. कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, बिघडलेलं हवामान. म्हणजे माझ्या पाट्याचा तो डोळा हा जवळजवळ पुरावाच. मग १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या बापलेकांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इटलीत गुब्बिओजवळच्या, डायनासोर संपले त्याच काळातल्या बोटभर मातीच्या थरात इरिडियम मोजलं. जमिनीवर विरळा, आकाशातून पडणाऱ्या अशनींमध्ये मुबलक असा तो धातू. बाप नोबेलवाला भौतिकशास्त्रज्ञ, लेक भूशास्त्रज्ञ. बापलेकांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं हेच मला जास्त नवल वाटतं. पुढे १९९१मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलूबचं विवर पुढे आलं. सुमारे १८० किलोमीटर रुंद, आज गाळाखाली आणि अर्धं समुद्रात. दहाएक किलोमीटरचा धोंडा आदळला, धूळ, काजळी आणि गंधक वर गेलं, ऊन अडलं, झाडोरा गेला, मग तो खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. मुख्य आरोपी परदेशी निघाला. आपला सह्याद्री राहिला सहआरोपी म्हणून.

मला ते वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण किंचित अपमान झाल्यासारखंच वाटलं. तसा खटला अजून पुरता मिटलेला नाही. २०१९ साली दोन गटांनी ह्या लाव्हाच्या तारखा काढल्या. एक म्हणतो, धोंडा पडण्याच्या काही दहा हजार वर्षं आधी मोठा उद्रेक झाला. दुसरा म्हणतो, तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतरचा. भावकीतल्या बांधाच्या वादासारखं आहे हे, मोजणी दर वेळी वेगळी येते. एवढं मात्र खरं की लाव्हा वाहायला लागल्याबरोबर सगळे मरून पडले नाहीत. कच्छमध्ये अंजारजवळ दोन लाव्हांच्या मधल्या गाळात डायनासोरांची हाडं आणि अंड्यांची टरफलं सापडली आहेत. म्हणजे एक पूर येऊन गेला, थिजला, त्यावर तळं साठलं आणि ही मंडळी परत नांदायला आली.

मावशींनी वरवंटा मागितला. तो मात्र मी आतल्या कपाटात ठेवते, धुऊन पुसून. कारण आहे. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला मी सहा वर्षांची होते. वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली आणि बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवायला लागल्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." खरं बाळ कोपऱ्यात लाल होऊन टाहो फोडत होतं. मी दोन्हींकडे नीट पाहिलं आणि मनाशी ठरवलं, आपल्याला हा काळा भाऊ हवा. रात्री तो मी गोधडीत घेऊन झोपले. सकाळी आजी चटणीसाठी घरभर वरवंटा शोधतेय आणि मी डोळे मिटून पडलेली. मग सापडला, कुंचीसकट. आजी रागावली नाही. "थंड लागला असेल गं," एवढंच म्हणाली. तो थंड मला लागला असेल की त्यालाच थंडी लागली असेल, हे अजून कळलेलं नाही.

म्हणून २०२३च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याची बातमी आली तेव्हा मला हसू आलं नाही. तिथल्या पाडल्या गावात शेतात सापडलेले दगडी गोळे लोक काकड भैरव म्हणून पुजत होते. शिवार राखतो, गुरं राखतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या तज्ज्ञांनी पाहिलं तर ती डायनासोरांची अंडी. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटानोसॉरांची. आम्ही दगडाला बाळ म्हणून पाळण्याभोवती फिरवतो, त्यांच्या देव्हाऱ्यात बाळच दगड होऊन बसलं होतं. त्याच जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांवर आणि २५६ अंड्यांवर त्याच वर्षी एक शोधनिबंध आला. घरटी एकमेकांना इतकी खेटून की मधून आईला पाऊल टाकायला जागा नाही. म्हणजे अंडी घालायची, माती लोटायची आणि चालू लागायचं. बारसं नाही की तीट नाही.

राखायला कुणी नसलं की काय होतं तेही गुजरातेत दगडात उमटून राहिलंय. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात धोली डुंगरीला भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात एका घरट्यात बारीक हाडं मिळाली. पिल्लाचीच असणार असं धरलं गेलं. २००१ साली दुसऱ्या तज्ज्ञानं ती निरखली तर काही मणके सापाचे. साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्धा मीटरचं पिल्लू, नुकतं बाहेर आलेलं. तेवढ्यात वरून गाळ आला आणि दोघांचाही निकाल लागला. सापानं गिळलं नाही, पिल्लू वाचलं नाही. हे मी त्या पोराला सांगितलं नाही. त्याला टी. रेक्सच्या मारामाऱ्या चालतात, पण हे चाललं नसतं असं वाटलं.

त्याऐवजी त्याला पिसदुऱ्याचं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं गाव, तिथे डायनासोरांचं शेण दगड होऊन पडलंय. "शेण!" तो गडाबडा लोळला. मी म्हटलं, हस, पण त्या शेणात गवताचे कण सापडले, २००५ साली. तोवर समजत होते की गवत डायनासोरांच्या मागून आलं. पुढे २०११मध्ये तर भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा सापडल्या त्यात. शेण म्हटल्यावर तो पुढचं काही ऐकत नव्हता.

टाकी लावून झाली. काळ्या पाट्यावर राखी ठिपक्यांच्या तिरक्या ओळी, तळव्याला मांजराच्या जिभेसारख्या लागणाऱ्या. डोळा तेवढा मावशींनी चुकवला होता. मी सांगितलं नव्हतं. दीडशे रुपये घेतले, चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या, "पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटा नि टाकून द्या. कच असती."

तांदूळ वाटले. पांढऱ्याचे राखाडी झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर टाकले तशी एक साळुंकी आली. तिनं आधी तांदूळ टिपला, मग मान वाकडी करून एक बारीक काळा खडा उचलला आणि तोही गिळला. त्यांना लागतो खडा, पोटात दळण दळायला. दात कुठे आहेत त्यांना?

"हा पण डायनासोर आहे," पोरगा म्हणाला. "सगळे पक्षी डायनासोरच असतात. आमच्या पुस्तकात आहे."

"माहितीये मला."

मग कबुतर आलं. ज्यांच्यापायी मी गॅलरीला जाळी लावून घेतली, त्यांतलंच एक. फुगून, मान हलवत सरळ ताटावर बसल्यासारखं बसलं. मी फडकं झटकलं.

"काकू, तो पण डायनासोरच आहे!"

असेल, त्याच्या घरी.