रेन ट्रीची खरड छाटणी

नाशिककराला छाटणी शिकवायला जाऊ नये. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), हे ज्याच्या नावावर गुंठाभर बाग नाही त्यालाही पाठ असतं. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवर झुकलेल्या जुन्या रेन ट्रीचा विषय निघाला, तेव्हा दिंडोरीकडे बाग असलेल्या अण्णांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "वरून खरडून टाका. पावसाळ्यात जोमात फुटंल."

फुटेल, यात वाद नाही. पण वेल तारेवर बांधलेली असते. झाडाचा शेंडा उडवला की थोटकाच्या सालीलगत धुमारे येतात आणि त्यांची पकड वरवरची असते. खाली थोटूक कुजत जातं, वर धुमारे जाड होतात आणि काही वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात तेच गाडीवर येतात. कापायचीच तर नेमकी फांदी कापावी, तिच्या बुडाशी असलेला फुगीर कडा राखून. जखम तिथूनच भरून येते. वर डांबर फासून कुज थांबत नाही, फासणाऱ्याचं समाधान होतं.

ढोली दिसली की झाड मेलं म्हणणारेही बरेच. जिवंत भाग सालीखाली असतो. जुन्या झाडाचा गाभा असाही मेलेलाच. बाहेरची भिंत जाड असेल तर पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहतं, वर पिंगळे आणि पोपट सांभाळतं. ५० वर्षांपुढच्या झाडाला २०२१ पासून कायद्यातच 'वारसा वृक्ष' म्हटलंय. पाच वडांवरून पंचवटी म्हणवणाऱ्या गावाला हे कायद्याने सांगावं लागतं, असो.

आमच्याकडे सगळ्यांना खुपते ती वाळकी फांदी तांबट पक्ष्याची आहे. फेब्रुवारीत बॉनेटवर रोज चिमूटभर भुसा पडायचा. वर पाहावं तर फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक, बाहेर नुसती शेपटी. मग डोकं मागे यायचं आणि चोचीतला भुसा खाली. तांबट घर कोरतो ते वाळक्या, भुसभुशीत लाकडातच. आपण मात्र पावसाळ्याआधी म्हणून मे महिन्यात आधी तीच फांदी उतरवतो, आत पिल्लं असायच्या दिवसांत. पडायला आलेली नसेल तर दिवाळीनंतर कापावी.

यंदा बऱ्याच चर्चेअंती ठरलं: फांदी शेंड्याकडून आखूड करायची, भोकाचा भाग ठेवायचा, बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक हातभर उखडायचे. अण्णाही राजी झाले. अडलंय ते फांदीखालची पार्किंगची जागा रिकामी ठेवण्यावर. तिथे सेक्रेटरींची गाडी असते, आणि त्यांच्या मते फांदी धोकादायक आहे.