उशी कोणती हवी, हे तीनदा विचारलं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर निरोप आला, "गेस्ट रिलेशन्सपैकी कुणीतरी डेक तीनवर या. एका मॅडमना बोटीत घेता येत नाहीये."

मी तेव्हा एका लक्झरी क्रूझ जहाजावर गेस्ट रिलेशन्स ऑफिसर होते. दहा रात्रींचा प्रवास होता. ग्रीसमधल्या पिरेयसहून निघायचं, सँटोरिनी, रोड्स, कुशादासी, मिकोनोस, कोर्फू, कोटोर, डुब्रोव्हनिक अशी बंदरं घेत इटलीतल्या ट्रिएस्टला संपवायचं. ती दुसरी सकाळ होती आणि जहाज सँटोरिनीला पोहोचलं होतं.

सँटोरिनीला मोठं जहाज लागेल असा क्रूझचा धक्का नाही. ज्वालामुखी खचून तयार झालेल्या खोलगट समुद्रात जहाज उभं राहतं. काही ठिकाणी तिथली खोली 350 मीटरहून जास्त आहे, म्हणून बरीच जहाजं नांगर न टाकता इंजिनांच्या जोरावर जागेवर थांबतात. प्रवासी जहाजाच्या कुशीतल्या दारातून छोट्या बोटीत उतरतात आणि ती बोट त्यांना कड्याच्या पायथ्याशी सोडते. याला आमच्याकडे टेंडर म्हणतात. बंदरांच्या यादीत नावापुढे बारीक अक्षरात 'टेंडर' एवढा एकच शब्द असतो. बहुतेक प्रवासी तो वाचत नाहीत. वाचला तरी त्यातून काय समजणार?

मी खाली पोहोचले तेव्हा दार उघडं होतं. बाहेर बोट हेलकावत होती. समुद्र शांत म्हणावा असाच होता, तरी बोटीची कड आमच्या फळीच्या वीतभर वर यायची आणि लगेच वीतभर खाली जायची. दोन खलाशी दोन्ही बाजूंना हात देऊन एकेका प्रवाशाला, लाट वर आली की "आता" म्हणत, पलीकडे पाठवत होते. रांगेच्या बाजूला व्हीलचेअरमध्ये साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर टोपी, गळ्यात दुर्बीण. मागे त्यांची धाकटी बहीण उभी होती, तिचे डोळे लाल झाले होते.

ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं. "स्वतःच्या पायाने दोन पावलं टाकता आली असती तर मी घेतलं असतं. त्या उभ्याच राहू शकत नाहीत. खुर्चीसकट माणूस उचलून या फटीवरून न्यायचा नाही, असा नियम आहे. आणि नियम नसता तरी मी नेलं नसतं."

त्याचं बरोबर होतं. हलत्या बोटीच्या आणि जहाजाच्या मध्ये पाय सापडला तर काय होतं, हे या कामातला प्रत्येक जण जाणतो. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मी बाईंकडे गेले, गुडघ्यावर बसले आणि आम्हाला शिकवलेली वाक्यं बोलू लागले. झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आपला आजचा दिवस जहाजावर खास व्हावा म्हणून स्पामध्ये आमच्यातर्फे...

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आवाज चढला नव्हता.

"प्रवासाच्या आधी तुमच्याकडून मला तीनदा विचारणा झाली, उशी कोणती हवी म्हणून. पिसांची, फोमची, मानेला आधार देणारी. तीनदा. जहाजावरून खाली कशी उतरणार, हे एकदाही कुणी विचारलं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांची खुर्ची लिफ्टकडे वळवली.

मी त्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, आणि अशी जहाजं दिलेला शब्द पाळतात का, असं मला नेहमी विचारलं जातं. जे मोजता येतं, ते बहुतेक पाळतात. आमचं जहाज साधारण 40,000 ग्रॉस टनेजचं होतं आणि प्रवासी सहाशे. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं ते माप आहे. भागाकार केला की माणशी 66 च्या आसपास येतात. गर्दीच्या मोठ्या जहाजांवर हाच आकडा चाळिशीच्या आत-बाहेर असतो. फरक पहिल्या तासात अंगाला जाणवतो. रांग नाही, खुर्ची धरून ठेवायला लागत नाही. सहाशे प्रवाशांमागे आम्ही साडेचारशे माणसं राबत होतो. केबिन सांभाळणाऱ्याला तिसऱ्या दिवशी तुमचा चष्मा कुठे ठेवलेला आवडतो ते पाठ असतं. हे खोटं नाही आणि ते करणाऱ्या माणसांचा मला अभिमान आहे.

अपेक्षाभंग दुसरीकडेच होतो, आणि त्याची सुरुवात माहितीपत्रकात होते. त्यात 'रोम' असं लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस दोनशे किलोमीटरच्या घरात. 1 ऑगस्ट 2021 पासून इटली सरकारने 25,000 ग्रॉस टनेजवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यात बंदी घातली. आमचा शेवट ट्रिएस्टला होत होता, तरी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर व्हेनिसच होतं. त्या सकाळीसुद्धा मी काउंटरवर परतले तेव्हा एक जोडपं, व्हेनिस कुठे आहे, हाच प्रश्न घेऊन उभं होतं.

वाऱ्यामुळे बंदर रद्द होणं ही निराळी गोष्ट आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जहाजाच्या उंच बाजूवर पडणारा त्याचा जोर चौपट होतो. अरुंद बंदरात शिरायचं की नाही, हा निर्णय कप्तानाचा. तो त्याने कधीही कुणाच्या सुट्टीकडे बघून घेऊ नये. अशा दिवशी मी काउंटरवर चार-चार तास बोलणी खाल्ली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. वारा आधी कळवून येत नाही. या बाईंना मात्र उभं राहता येत नाही, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

किती आधीपासून, ते मी काउंटरवर बसून शोधलं. त्यांच्या नोंदीत विशेष गरजांचा फॉर्म होता, पाच महिन्यांपूर्वी भरलेला. 'पूर्ण वेळ व्हीलचेअर, चालता येत नाही' यावर खूण. त्या फॉर्मवरून पुढे काय काय झालं होतं, ते नीट दिसत होतं. रुंद दाराची केबिन दिली गेली. न्हाणीघरात बसायची सोय झाली. पलंगाची उंची कमी केली गेली. उशांची पसंती तीनदा विचारून टिपली गेली. ज्या विभागाकडे जे काम, ते त्याने चोख केलं होतं. बंदरांचं काम पाहणाऱ्या विभागाकडे मात्र हा फॉर्म जातच नाही, कारण तो विभाग प्रवाशांचा नाही, जहाजाचा आहे. धक्का मिळणार की टेंडर, हे त्या विभागाला खूप आधी ठाऊक असतं, कारण धक्क्यांची नोंदणी कित्येक महिने आधी होते. म्हणजे दोन्ही गोष्टी कंपनीला माहीत होत्या, पण एकत्र करून पाहणारं कुणी नव्हतं. अटी-शर्तींमध्ये वाक्य होतंच, की टेंडरच्या बंदरांवर व्हीलचेअर नेता येईलच याची हमी नाही. वकिलाला पुरेल असं वाक्य.

अकरा वाजता मी त्यांच्याकडे पुन्हा गेले. त्या वरच्या डेकवर सावलीत बसल्या होत्या. बहीण एकटी किनाऱ्यावर गेली नव्हती. मी स्पाचं नाव काढलं नाही. विचारलं, "मी काय करू?"

"बाकीच्या बंदरांचं खरं सांगा," त्या म्हणाल्या. "गोड नको. कुठे उतरता येणार आणि कुठे नाही. मी रोज सकाळी तयार होऊन त्या दारापर्यंत येणार नाही."

वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे. त्याला दुपार गेली. जहाज चालवतात त्या कक्षात, म्हणजे ब्रिजवर फोन, सहलींच्या मॅनेजरशी बोलणं, किनाऱ्यावरच्या एजंटांना मेल. अशी यादी याआधी कुणी मागितलीच नव्हती. रोड्स, धक्का. कुशादासी, धक्का. मिकोनोसला धक्का आहे, पण त्या दिवशी तो दुसऱ्या जहाजाला दिलेला, म्हणून आम्हाला टेंडर. कोर्फू, धक्का. कोटोरला गावाजवळ जागा थोडी आणि आमच्या वाट्याला नांगर, म्हणजे पुन्हा टेंडर. डुब्रोव्हनिकला ग्रूझचा धक्का, पण जुन्या शहरात पायऱ्याच पायऱ्या. सातांपैकी तीन बंदरं पूर्ण बंद. एजंटांकडून मी आणखी एक विचारून घेतलं, धक्क्यापासून फाटकापर्यंत अंतर किती आणि रॅम्प असलेली गाडी मिळेल का. कोर्फूहून लगेच उत्तर आलं, सगळं कळवलेलं. दुसऱ्या एका ठिकाणच्या माणसाने उलट मलाच विचारलं, ही माहिती तुम्हाला आता का हवी आहे?

एका पानावर सगळं हाताने लिहून मी ते त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कोटोरसाठी मी ही ट्रिप घेतली होती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पाच महिन्यांपूर्वी हा कागद मिळाला असता तर मी दुसरं जहाज बघितलं असतं. पैसे तुम्हाला मिळाले नसते, एवढाच फरक."

मी काही बोलले नाही. त्यांनीच दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कड्याकडे बोट केलं. त्या आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होत्या, हे मला तेव्हा कळलं. कड्यावर काळे, तांबडे, राखाडी थर एकावर एक होते आणि अगदी वर फिकट पांढरा जाड पट्टा. तो सुमारे 3,600 वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा, राखेचा आणि प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडाचा. त्याच्या खालचे त्याहून जुन्या उद्रेकांचे. वर दिसणारी पांढरी घरं त्या थरांच्या माथ्यावर बसलेली. "तिथे गेलेल्यांना हे दिसत नसणार," त्या म्हणाल्या, "ते त्याच्यावर उभे आहेत." जहाज जागेवर हळूहळू वळत होतं आणि त्यांनी एकेक थर मला समजावून सांगितला. त्या काउंटरवर मी सँटोरिनीबद्दल शेकडो प्रवाशांना माहिती दिली असेल. त्या पट्ट्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

खाली परतताना मी म्हणाले, "निदान हे तरी छान झालं."

"छान झालं," त्या म्हणाल्या. "तरी तक्रार मी करणार आहे. एकाच्या जागी दुसरं धरू नका."

त्यांचं हे म्हणणं मला पूर्ण पटलं, अजूनही पटतं. आमच्या प्रशिक्षणात नेमकं उलटं शिकवतात. प्रवाशाला एखादा सुखद क्षण द्या, तो मूळ गोष्ट विसरेल. पुष्कळ जण खरंच विसरतात. पण विसरायला लावणं म्हणजे शब्द पाळणं नाही. माणसाने वर्षभर वाट पाहिलेली असते. तिची जागा एखाद्या चांगल्या संध्याकाळीने भरून काढता येते, असं मानणं हा त्याचा अपमान आहे.

तक्रारीचा मसुदा करायला मी त्यांना मदत केली. माझ्या कंपनीविरुद्धच, हे मला माहीत होतं. युरोपीय संघाचा 2010 सालचा 1177 क्रमांकाचा नियम त्यांना दाखवला. त्याप्रमाणे अपंग प्रवाशाला सुरक्षेच्या किंवा जहाजाच्या आणि बंदराच्या रचनेच्या कारणाखेरीज नकार देता येत नाही, आणि तक्रार 2 महिन्यांच्या आत करायची असते. नकाराचं कारण सुरक्षेचं होतं, त्यावर त्यांचा आक्षेपच नव्हता. त्यांचा मुद्दा एकच होता, की हे आधी का सांगितलं नाही. तेवढाच मुद्दा लिहा, बाकी काही घालू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

मी माझ्या वरिष्ठांनाही अहवाल दिला. उत्तर आलं की प्रवाशाला पुढच्या सफरीवर सवलत द्यावी. फॉर्म बंदर विभागाकडे पाठवण्याबद्दल एक ओळही नव्हती. त्यानंतर मी जितके प्रवास केले, त्या प्रत्येकात पहिल्या संध्याकाळी व्हीलचेअरवाल्या प्रवाशांची नावं काढून त्यांना हाताने लिहिलेलं पान नेऊन देत राहिले. हे माझ्या कामात धरलेलं नव्हतं. एकदा एका गृहस्थांनी ते वाचून दुसऱ्याच बंदरावर प्रवास सोडला. मला ते योग्यच वाटलं.

रोड्सला आणि कोर्फूला बाई उतरल्या. कोर्फूला संध्याकाळी उशिरा परतल्या, खुर्चीच्या चाकांना माती, चेहरा उन्हाने तांबूस. कोटोरच्या दिवशी त्या केबिनमधून बाहेर आल्या नाहीत. बहिणीला त्यांनी हट्टाने किनाऱ्यावर पाठवलं होतं.

ट्रिएस्टला सगळे उतरून गेल्यावर अभिप्रायाचे कागद आमच्याकडे येतात. त्यांचा कागद मी शोधून काढला. केबिनला दहापैकी दहा. जेवणाला दहा. कर्मचाऱ्यांना दहा. पलंग आणि उशी, दहा. शेवटचा प्रश्न होता, 'हा प्रवास आपल्या अपेक्षेप्रमाणे झाला का?' तिथला चौकोन कोरा होता. कोरा चौकोन सरासरीत धरत नाहीत, त्यामुळे त्या सफरीचा आमचा आकडा फार चांगला आला. कागदाच्या मागे त्यांनी माझी हाताने लिहिलेली यादी टाचली होती. तीन बंदरांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.