तक्त्यातलं साडेतीन

आमच्या फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंगमधून, म्हणजे छर्रे मारून साफ होऊन, निघालेल्या बेअरिंग हाउसिंगच्या (बेअरिंग बसवायच्या ओतीव घराच्या) वरच्या तोंडावर भोकं दिसायला लागली तेव्हा नुकती पहिली शिफ्ट सुरू झाली होती. फेटलिंगच्या, म्हणजे नग घासून साफ करणाऱ्या, पोरांनी ११ नग बाजूला काढून ठेवले होते.

भोक दिसलं की आधी आत बॅटरी मारायची. आतली भिंत खडबडीत, फांद्या फुटल्यासारखी असेल तर धातू आकसल्याचा दोष. काळा, काचेसारखा मळ असेल तर स्लॅग. आणि गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस. इथं गॅसच होता आणि तोही फक्त साच्याच्या वरच्या पेटीच्या बाजूला. कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या गाभ्याच्या, कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कोअर सुटला. ओतताना धातूचं तापमान १३९० अंश होतं, तेही ठीक. राहिली साच्याची वाळू.

वाळूचा तक्ता मागवला. दर तासाचा ओलावा, टक्क्यांत: ३.५, ३.४, ३.५, ३.५, ३.४, ३.५. दोन्ही शिफ्टचे आकडे असेच, एका रांगेत.

बाहेर चार दिवस पाऊस धो धो कोसळत होता. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालेलं. चहाच्या गाड्यावर ज्याला त्याला फूट-इंच तोंडपाठ. अख्खं शिरोली भिजलंय आणि आमच्या वाळूला मात्र थेंब लागलेला नाही!

मलरखालून, म्हणजे वाळू मळणाऱ्या यंत्राखालून, मूठभर वाळू घेऊन दाबली. चांगल्या वाळूची मूठ मोडली की कड धारदार राहते आणि तळहात जवळजवळ स्वच्छ. ही हाताला चिकटली. मग ओलाव्याचा मीटर लावला. ६ ग्रॅम वाळू तोलायची, बाटलीत टाकायची, झाकणात चमचाभर कार्बाइड, बाटली आडवी धरून झाकण आवळायचं आणि मग हलवायची. पाण्याशी कार्बाइड भिडलं की ॲसिटिलीन सुटतो आणि त्याच्या दाबावर डायलचा काटा फिरतो. काटा थांबेपर्यंत हलवत राहायचं, घाई केली की आकडा कमी येतो. झाकणाचा रबरी वायसर खराब असला तरी कमीच येतो. पावसाळ्यात कार्बाइडचा डबा उघडा राहिला तर कार्बाइडच मरतं, मग काय विचारता. म्हणून नवा डबा फोडून दोनदा घेतला: ४.६ आणि ४.७.

शेडचा पत्रा खिळ्यांच्या भोकांतून गळत होता, बरोबर परतीच्या वाळूच्या ढिगावर. मलरवाला मात्र रोजच्याच टायमरवर पाणी सोडत होता. कॉम्पॅक्टिबिलिटी, म्हणजे ठोके दिल्यावर वाळू किती टक्के बसते ते, आम्ही ४२ च्या आसपास ठेवतो, ती ५२ वर गेलेली. जादा पाण्यानं कणांमधल्या फटी बुजतात आणि वाफेला वाट राहत नाही. पाण्याची वाफ झाली की आकारमान दीड हजार पटीच्या वर जातं. वाट नाही मिळाली तर ती धातूत घुसते. यात गूढ असं काही नाही.

गूढ तक्त्यात होतं. लिहिणारा पोरगा डिप्लोमा झालेला, कागलकडचा, अप्रेंटिस, वर्षही झालं नव्हतं. बाजूला घेऊन विचारलं, "मीटर लावला होतास का?"

खाली बघत म्हणाला, "सकाळी एकदा लावला हुता सर. मग तुमी सांगितल्यालं तसं लिवलं."

"मी काय सांगितलं?"

"पहिल्या आठवड्यात. मीटर बंद हुता तवा. साडेतीनच येतंय, लिवून टाक म्हणाला हुता."

म्हणालो असणारच. कपाटातून मार्चचे तक्ते काढले. माझ्या अक्षरात सलग दोन पानं साडेतीन. मार्चमध्ये ते खपून गेलं, कारण मार्चमध्ये पत्रा गळत नाही. सँड लॅबवर त्याला दोन तास फळ्यावर शिकवलं होतं, बेंटोनाइट, पर्मिएबिलिटी, सगळं. त्यातलं त्यानं काय घेतलं देव जाणे. ते एक वाक्य मात्र नेमकं घेतलं.

तोवर प्रॉडक्शनवाले आले. त्यांचा ठरलेला उपाय: पोराला मेमो. मेमो देणं सोपं असतं, त्याला कार्बाइड लागत नाही. दुपारच्या शिफ्ट बदलाला मी दोन्ही शिफ्टच्या लोकांसमोर मार्चचे तक्ते टेबलावर ठेवले आणि म्हणालो, ही सवय माझी आहे, पोरानं ती उचलली. कुणी हसलं नाही. मलरवाला तेवढा पुटपुटला, "आमाला ठावं हुतं." ते अजून डोक्यातून जात नाही. ठाऊक होतं, आणि कुणी बोललं नाही. बोलावंसं वाटावं असं मी काय केलं होतं म्हणा.

पत्र्याला वॉशर लावले, ढिगावर ताडपत्री टाकली. मलरचं पाणी टायमरवरून काढून आता कॉम्पॅक्टिबिलिटी बघून सोडतो. वाळू चाळून नळीत सैल भरायची, वरून सपाट करायची, तीन ठोके द्यायचे आणि किती बसली ते मोजायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

तक्ता आता ओबडधोबड दिसतो: ३.२, ३.९, ४.१, मध्येच खाडाखोड. हे क्वालिटीवाल्यांना आवडत नाही, ऑडिटला सरळ रांग बघायची सवय आहे. परवा एका तासाची चौकट रिकामी होती आणि शेजारी त्या पोराच्या अक्षरात: 'कार्बाइड संपलं, चाचणी घेतली नाही.' ऑडिटरनं त्याभोवती लाल गोल काढला आणि विचारलं, इथं सही कुणाची? मी म्हणालो, माझी.