२५०चं पीक आणि बंद एसी

डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या एबीआय ३१० वर काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. या यंत्रात कॅपिलरी, म्हणजे तुकडे जिच्यातून धावतात ती बारीक नळी, एकच, आतून ५० मायक्रॉनची, आणि एका नमुन्याला जवळपास अर्धा तास. म्हणून संध्याकाळी ट्रे लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन रात्रभरात उगवलेली पिकं, म्हणजे आलेखातले उंचवटे, मोजायची. हा विनोद लॅबमध्ये सगळ्यांनी करून झालेला होता.

मे लागला, तोही विदर्भातला, आणि सकाळच्या निकालात 'ओएल' दिसायला लागलं. ओएल म्हणजे ऑफ लॅडर. लॅडर म्हणजे तुलनेसाठी धावणारं, माहीत असलेल्या अलीलांचं (एकाच जागेच्या वेगवेगळ्या रूपांचं) मिश्रण, आणि त्यातल्या प्रत्येक अलीलभोवतीचा कप्पा म्हणजे बिन. पीक लॅडरच्या कुठल्याच बिनमध्ये बसत नाही. बिनची रुंदी अर्धा बेस (डीएनएचं एक अक्षर म्हणजे एक बेस) इकडे, अर्धा बेस तिकडे. टीएच०१ या डीएनएवरच्या जागेत ९.३ आणि १० या दोन अलीलमधला फरकच मुळी एका बेसचा, त्यामुळे तिथे एवढंसं सरकलं तरी बोंब.

मी नवी, त्यामुळे पहिला संशय माझ्याच हातांवर. नमुने ज्यात मिसळतात ते फॉर्मामाइड नवं काढलं, नमुने ९५ अंशांवर ३ मिनिटं ठेवून लगेच बर्फात घातले, बफर बदललं, कॅपिलरीत भरायचं पॉलिमरही बदललं. एक रन झकास आला. त्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओएल. कॅपिलरी गरम ठेवणारी हीट प्लेट तर इमानदारीत ६० अंश दाखवत होती.

मॅडमनी सगळ्या इंजेक्शनांची साइज स्टँडर्डं, म्हणजे प्रत्येक नमुन्यात मिसळलेले ठाऊक लांबीचे तुकडे, एकाखाली एक लावायला सांगितली. "२५०चं बघ."

जीएस ५०० या आमच्या साइज स्टँडर्डमधला हा तुकडा नावाला २५० बेसांचा, पण पीओपी-४ या पॉलिमरमध्ये ६० अंशांवर तो २४६ च्या आसपास मोजला जातो. म्हणून आकार काढताना त्याला वगळतात. वगळायचाच म्हणून मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. आता बघितलं, तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तो हळूहळू सरकत गेला होता.

तापमान बदलल्यावर सगळे तुकडे सारख्याच प्रमाणात पुढे-मागे झाले असते, तर काहीच बिघडलं नसतं. प्रत्येक नळीत साइज स्टँडर्ड असतंच, त्याने हिशेब जुळवला असता. पण पॉलिमरमध्ये तुकडे उलगडून ठेवणारा युरिया असूनही काही तुकडे स्वतःवरच थोडे दुमडलेले राहतात. किती दुमडायचं हे त्यांच्या बेसांच्या क्रमावर आणि तापमानावर ठरतं. नमुन्याचा क्रम वेगळा, स्टँडर्डचा वेगळा. शिवाय कॅपिलरीचा प्लेटवर टेपने चिकटवलेला भागच ६० अंशांवर असतो, इलेक्ट्रोडकडचं टोक खोलीच्या हवेत. आमचा लॅडर संध्याकाळी सातला धावलेला, आणि नमुने रात्री दोनला.

मग रात्री खोलीत होतं तरी काय? किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर यंत्राशेजारी ठेवला. सकाळी कमाल ३४.

रात्रपाळीचे काका आठ वाजता फेरी मारताना एसी बंद करत होते. "खोलीत माणूस नाही ताई, एसी कशाला जाळायचा?" यावर मी काय बोलणार? घरी आई हेच म्हणते.

त्या दिवसापासून एसी रात्रभर २३ वर, झोत यंत्रावर येणार नाही असा वळवलेला, आणि लॅडर ट्रेमध्ये तीन ठिकाणी: सुरुवातीला, मध्ये, शेवटी. ओएल जवळजवळ थांबले. पुढच्या आठवड्यात रात्री अकराला काकांचा फोन. लाइट गेली होती, यूपीएसवर यंत्र चालू होतं, एसी बंद.

"ताई, थर्मामीटर एकोणतीस दाखवतोय. लिहून ठेवू का?"