नऊचे पंधरा का झाले नाहीत

सोलापुरात विडी कामगार बायकांच्या किमान वेतनाचा प्रश्न सरकारदरबारी अडतो. अमेरिकेत १९३६ च्या जूनमध्ये तो थेट सर्वोच्च न्यायालयात अडला. न्यूयॉर्क राज्याचा स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून पुन्हा आले आणि ५ फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वाढवायची योजना मांडली.

योजना अशी होती: दहा वर्षे सेवा झालेला न्यायाधीश सत्तरीनंतर सहा महिन्यांत निवृत्त झाला नाही, तर त्याच्या जोडीला एक नवा नेमायचा. जास्तीत जास्त सहा. तेव्हा सत्तरी गाठलेले बरोबर सहा होते, म्हणजे ९ चे १५. घटनादुरुस्तीची गरज नव्हती, कारण तिथे न्यायाधीशांची संख्या साध्या कायद्याने ठरते. १७८९ मध्ये ती ६ होती, १८६३ मध्ये १०, आणि १८६९ पासून ९.

फसले ते दिलेल्या कारणामुळे. वय झालेल्यांना कामाचा भार झेपत नाही, असे रूझवेल्ट सांगत होते. मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी मार्चमध्ये पत्रच दिले: काम तुंबलेले नाही, उलट माणसे वाढली तर चर्चाच लांबेल. शिवाय सर्वांत वयस्क, ८० वर्षांचे न्यायमूर्ती ब्रँडाइस हे उदारमतवादी, म्हणजे अशा कायद्यांच्या बाजूचेच होते! खरा हेतू न्यायालयात आपल्या बाजूची मते वाढवण्याचा होता; तो लपवला की पुढचे कोणतेच स्पष्टीकरण पटत नाही. २९ मार्चला न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याचा किमान वेतन कायदा वैध ठरवला. न्यायालय योजनेला घाबरले असे सर्रास म्हणतात, पण न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचे निर्णायक मत डिसेंबरातच, म्हणजे योजना मांडण्याआधीच, पडले होते. मे महिन्यात अशा कायद्यांच्या विरोधातले न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली, निकड संपली, आणि २२ जुलैला सिनेटने विधेयक ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवले, म्हणजे ते बारगळलेच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाची संख्या अनुच्छेद १२४ खाली संसद ठरवते. सुरुवातीला सरन्यायाधीश धरून ८, २०१९ मध्ये ३४. पण १९७३ मध्ये संख्येला हातही न लावता तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश झाले. तेव्हा इथल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी संख्येपेक्षा नेमणुकीवर जास्त लक्ष ठेवावे. उच्च न्यायालयाबाबत तर अनुच्छेद २१६ खाली संख्याही राष्ट्रपती, म्हणजे केंद्र सरकार, ठरवते. सोलापूरची प्रकरणे आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात, तिथले न्यायमूर्ती याच संख्येतून येतात.